दर वाढण्याआधीचं उत्तर
ऊर्जेचा हिशेब : लेखांक ५

मागच्या लेखांकात आपण महावितरणचं घरगुती बिल ओळीओळीनं वाचलं आणि ‘इंधन समायोजन आकार’ या ओळीपाशी थांबलो. कोळसा महागला, बाहेरून वीज चढ्या दरानं घ्यावी लागली, की ही ओळ फुगते. पेट्रोल पंपावरचा फलकही असाच बदलतो. अशा वेळी लोक सरकारकडे बघतात, आणि बहुतेकांना जवळचं सरकार म्हणजे मुंबईतलं. त्या सरकारच्या हातात नेमकं काय असतं?

कच्च्या तेलाचा भाव, डॉलरचा भाव, कोल इंडियाचे दर, रेल्वेचं मालभाडं, पेट्रोल-डिझेलवरचं केंद्राचं उत्पादन शुल्क, यांपैकी काहीच राज्याच्या हातात नाही. हातात आहेत ते इंधनावरचा मूल्यवर्धित कर म्हणजे व्हॅट, विजेवरचं शुल्क, अनुदानं, एसटी, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पुढच्या पंचवीस वर्षांची वीज कुणाकडून आणि कोणत्या अटींवर घ्यायची याचे करार. पहिल्या गोष्टींची बातमी होते. कराराची बातमी सहसा होत नाही, आणि माझ्या मते सगळी मेख तिथंच आहे.

आधी कराचं पाहू. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला तेव्हा पेट्रोल आणि डिझेल त्याच्या बाहेर राहिलं, त्यामुळे व्हॅटचा अधिकार राज्यांकडे टिकला. महाराष्ट्रात पेट्रोलवरचा व्हॅट किमतीच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास आहे, वर लिटरमागे ठरावीक अधिभार. टक्क्यांत लावलेल्या कराचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. ज्या किमतीवर कर लागतो ती १० रुपयांनी वाढली, की राज्याच्या तिजोरीत लिटरमागे अडीच रुपये जास्त येतात, तेही विधिमंडळात कुणी काही मंजूर न करता. विजेचंही तसंच. घरगुती बिलावर १६ टक्के वीज शुल्क लागतं आणि ते इंधन समायोजन आकारावरही लागतं. म्हणजे महागाईच्या काळात सामान्य माणसाच्या खिशातून जे जास्तीचं जातं, त्याचा एक भाग राज्याकडेच येत असतो. दिलासा द्यायला पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न म्हणूनच अर्धाच खरा आहे.

राज्यांचीही बाजू आहे, आणि ती खोटी नाही. पेट्रोलवरच्या केंद्रीय करातला फार मोठा भाग अधिभार आणि विशेष शुल्काच्या रूपानं येतो. त्यात राज्यांना वाटा नसतो. २०२१ पासून पेट्रोलवरचं वाटून घेण्याजोगं मूळ उत्पादन शुल्क लिटरला जेमतेम १ रुपया ४० पैसे आहे. मग राज्यं व्हॅट सहजासहजी सोडत नाहीत. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्रानं पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर १० रुपये कमी केले. अनेक राज्यांनी मागोमाग व्हॅट उतरवला, पण महाराष्ट्र थांबला. जुलै २०२२ मध्ये राज्यात नवं सरकार आल्यावर पेट्रोल ५ रुपयांनी आणि डिझेल ३ रुपयांनी स्वस्त झालं. वर्षाला ६ हजार कोटींचा भार सोसू, असं सरकारनं सांगितलं.

याच जुलैमध्ये, याच राज्यात, विजेचं बिल मात्र चढलं. उन्हाळ्यातल्या कोळसाटंचाईचा खर्च वसूल होऊ लागला होता आणि १०१ ते ३०० युनिट वापरणाऱ्या घराला युनिटमागे १ रुपया ४५ पैसे इंधन समायोजन आकार लागला. त्यावरचं वीज शुल्क धरलं तर आणखी सुमारे २३ पैसे. एका बाजूनं राज्यानं मोटारीच्या टाकीसाठी कर सोडला आणि दुसऱ्या बाजूनं दोन खोल्यांच्या घरातल्या पंख्यावर तो वाढू दिला. त्या ६ हजार कोटींतला काही भाग लहान ग्राहकाचं वाढीव वीज शुल्क माफ करण्यासाठी वापरला असता, तर दिलासा गरजेच्या घरी पोचला असता. लिटरमागे दिलेली सवलत ज्याची टाकी मोठी त्याला जास्त मिळते.

गोव्यानं हा प्रयोग टोकाला नेऊन पाहिला आहे. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकरांच्या सरकारनं पेट्रोलवरचा व्हॅट २० टक्क्यांवरून जवळजवळ शून्यावर आणला. लिटरमागे साधारण ११ रुपयांचा फरक पडला आणि बांदा-सावंतवाडीकडच्या गाड्या टाकी भरायला पत्रादेवीचा नाका ओलांडू लागल्या. पण तिजोरीला ते पेलवलं नाही. पुढच्या वर्षांत कर टप्प्याटप्प्यानं परत चढला. लहान राज्याला, सीमेपलीकडून गिऱ्हाईक येत असतानाही जे टिकवता आलं नाही, ते महाराष्ट्राला टिकेल असं मानायला आधार नाही.

डिझेलचा विचार करताना एसटी आधी डोळ्यांसमोर यावी. ज्याच्याकडे दुचाकीही नाही त्याला डिझेलची दरवाढ तिकिटातून भोगावी लागते. जानेवारी २०२५ मध्ये एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. १ जून २०२२ ला पुणे–नगर मार्गावर पहिली विजेवरची ‘शिवाई’ धावली तेव्हा डिझेलपासून सुटका होण्याची वाट दिसली होती, पण त्या गाड्यांची संख्या फार संथपणे वाढली. डिझेलच्या झळा कमी करायला राज्याकडे विजेवरच्या एसटीपेक्षा चांगलं साधन मला दिसत नाही, आणि याच साधनाकडे सर्वांत कमी लक्ष जातं.

आता वीज. २००३ च्या वीज कायद्याचं कलम ६५ असं सांगतं की राज्याला एखाद्या गटाला स्वस्त वीज द्यायची असेल तर खुशाल द्यावी, पण फरकाची रक्कम वितरण कंपनीला आगाऊ द्यावी. दर ठरवण्याचं काम राज्य वीज नियामक आयोगाचं. ही तरतूद शहाणपणाची आहे, कारण सरकारनं पैसे दिले नाहीत तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी बिलात चढतात. आपल्याकडे ते उद्योगांच्या आणि जास्त वापराच्या घरांच्या दरात आहेतच. त्याला क्रॉस सबसिडी म्हणतात. ती एका मर्यादेपलीकडे ताणली की मोठे ग्राहक स्वतःच्या छतावर सौर पॅनेल बसवतात किंवा थेट बाहेरून वीज घेतात. मग उरलेल्यांवरचा भार आणखी वाढतो. कोल्हापूरचे कारखानदार शेजारच्या कर्नाटकाकडे बोट दाखवतात ते याच दरांमुळे.

शेतीच्या विजेचा हिशेब तर आणखी मोठा आहे. २००४ मध्ये विधानसभेच्या निवडणुकीआधी शेतकऱ्यांना मोफत वीज जाहीर झाली, आणि निवडणुकीनंतर वर्षभरात ती बंद झाली. एप्रिल २०२४ पासून ती पुन्हा आली. साडेसात अश्वशक्तीपर्यंतचे पंप, ४४ लाखांवर शेतकरी, वर्षाला १४ हजार ७६० कोटी रुपये. यातले ६ हजार ९८५ कोटी आधीपासूनच सवलतीपोटी दिले जात होते, नवे ७ हजार ७७५ कोटी. शेतकऱ्याला ही मदत मिळू नये असं मी म्हणणार नाही. कोरडवाहू भागात विहिरीवर एक पंप असलेल्या माणसाला बाजारात भाव मिळत नाही, तिथं बिल भरायला सांगणं निर्दयपणाचं आहे. पण या रकमेनं विजेचा खर्च एका पैशानंही कमी होत नाही. तो फक्त कुणी भरायचा ते बदलतं. उद्या कोळसा महागला की हाच आकडा वाढेल.

खर्च खरोखर कमी करणारी गोष्ट दुसरी आहे, आणि तिची सुरुवात शेतकऱ्याच्याच एका जुन्या मागणीतून होते. शेतीच्या फीडरला, म्हणजे उपकेंद्रातून शेतांकडे जाणाऱ्या वाहिनीला, थ्री फेज वीज पाळीपाळीनं मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रब्बीत गव्हाला पाणी द्यायला मध्यरात्री बॅटरी घेऊन बांधावर जायचं, पायाखाली साप, जुन्नरकडे बिबट्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये शेतकरी नेते राजू शेट्टींनी कोल्हापुरात महावितरणच्या दारात ठिय्या दिला, तो दिवसा वीज मिळावी म्हणून. ही मागणी अनेक वर्षं ‘परवडत नाही’ म्हणून बाजूला पडत होती. सौर विजेनं गणित उलटं केलं, कारण ती स्वस्त मिळते ती दिवसाच. पंपाला बॅटरीचा साठा लागत नाही. ऊन असताना पाणी उपसलं की काम झालं.

१४ जून २०१७ ला राज्यानं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. राळेगण सिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी ही सुरुवातीची गावं. कल्पना साधी आहे. गावाच्या वीज उपकेंद्राजवळ काही मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायचा, आणि तिथून निघणाऱ्या शेतीच्या फीडरला दिवसा त्याचीच वीज द्यायची. प्रत्येक शेतकऱ्यानं वेगळं पॅनेल घ्यायची गरज नाही, त्याचा पंप तोच राहतो. पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेतले ऊर्जा अभ्यासक या पद्धतीच्या बाजूनं सातत्यानं लिहीत आले आहेत. पहिली काही वर्षं काम रेंगाळलं. २०२३ मध्ये योजनेची दुसरी आवृत्ती आली, जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं ठरलं, आणि गती आली.

ही वीज युनिटला ३ रुपयांच्या आसपास पडते. शेताला पोचणारी नेहमीची वीज ८ रुपयांच्या घरात पडते, अशी तुलना सरकार करतं. ती पूर्ण सरळ नाही. ३ रुपये हा खरेदीचा दर आहे. तारा, रोहित्रं, माणसं यांचा खर्च त्यावर येतोच. तरीही फायदा खरा आहे, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हा दर पंचवीस वर्षांसाठी बांधलेला आहे. युद्ध कुठंही पेटो, या विजेच्या दरात इंधनाची ओळच नाही.

याचं मोल कळायला गुहागर तालुक्यातला वीज प्रकल्प आठवावा. दाभोळचा एन्‍रॉन प्रकल्प १९९५ मध्ये युती सरकारनं रद्द केला, १९९६ मध्ये वाटाघाटी करून पुन्हा आणला, आणि मे १९९९ मध्ये त्याची वीज सुरू झाली. इंधन नाफ्था, हिशेब डॉलरशी बांधलेला. तेल वर गेलं, रुपया खाली आला, आणि दोन्हींची जोखीम वीज मंडळाच्या माथी होती. मे २००१ मध्ये मंडळानं वीज घेणं थांबवलं. त्या महागाईवरचं उत्तर २००१ मध्ये शोधून सापडणारच नव्हतं. ते करारावर सही करताना द्यायचं होतं. एप्रिल २०२२ मध्येही तेच दिसलं. कोळसा कमी पडला, देशभर एकाच वेळी मागणी वाढली, वीज बाजारातल्या दरावर केंद्रीय आयोगाला युनिटला १२ रुपयांची कमाल मर्यादा घालावी लागली, आणि महाराष्ट्रात पुन्हा भारनियमन आलं. आधी बांधून ठेवलेली स्वस्त वीज जितकी जास्त, तितकी अशा बाजारात कमी खरेदी करावी लागते.

सौर फीडरच्याही अडचणी आहेत. बऱ्याच ठिकाणी जागा म्हणून गावाचं गायरान निवडलं जातं. तिथं शेळ्या-मेंढ्या चारणाऱ्यांचा आणि पिढ्यान्‌पिढ्या ते कसणाऱ्या भूमिहीनांचा विरोध होतो, आणि तो न्याय्य आहे. भाडं ठरलं म्हणून चराई भरून निघत नाही. ग्रामसभेत त्यांच्याशी आधी बोलून, पडीक खासगी जमीन भाड्यानं घेण्याला प्राधान्य द्यायला हवं. पैसे थोडे जास्त लागले तरी चालतील. दुसरी अडचण याहून खोल आहे. दिवसा, पुरेशी आणि फुकट वीज मिळाली की विहीर लवकर कोरडी पडते. पंजाबात मधली काही वर्षं वगळता १९९७ पासून शेतीला मोफत वीज आहे आणि तिथलं भूजल कुठवर गेलं ते जगजाहीर आहे. उपशाला आवर घालायचा, पण शेतकऱ्याची मदत काढून घ्यायची नाही, हे जमतं का? गुजरातनं ज्योतिग्राम योजनेत गावठाणाचे आणि शेतीचे फीडर वेगळे करून त्यातला काही भाग सोडवला. त्यात काय साधलं आणि काय निसटलं, ते पुढच्या लेखांकात पाहू.