हँडिकॅप पैज, फुटबॉलमधील

फुटबॉलच्या सामन्यातील दोन विषम बलाच्या संघांपैकी वरचढ संघाच्या गोलसंख्येतून काही ठराविक गोल वजा धरून, अथवा दुबळ्या संघाच्या गोलसंख्येत ते मिळवून, येणाऱ्या कल्पित निकालावर पैसे लावण्याची एक पद्धती. वजा-अधिक धरावयाच्या या गोलसंख्येस ‘हँडिकॅप’ म्हणतात. ती सामन्यापूर्वी जाहीर होते व तिचा मैदानावरील खेळाशी किंवा अधिकृत निकालाशी काहीही संबंध नसतो. अमुक संघ जिंकेल काय, असा साध्या पैजेतील प्रश्न असतो. हँडिकॅप पैजेत तो किती फरकाने जिंकेल वा हरेल, असा प्रश्न असतो.

संज्ञा व पूर्वपीठिका : ‘हँडिकॅप’ हा शब्द ‘टोपीत हात’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दसमूहापासून आला. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये वस्तूंच्या अदलाबदलीचा एक खेळ प्रचलित होता. दोन वस्तूंच्या किंमतींतील फरक पंच ठरवी आणि तो मान्य आहे की नाही, हे दोन्ही पक्ष टोपीत हात घालून दर्शवीत. सॅम्युएल पीप्सच्या १६६० च्या दैनंदिनीत या खेळाचा उल्लेख आहे. पुढे हा शब्द घोड्यांच्या शर्यतींत रूढ झाला. चांगल्या घोड्यावर अधिक वजन व सामान्य घोड्यावर कमी वजन देऊन सर्वांना जिंकण्याची शक्यतो समान संधी द्यावयाची, हे त्यामागील तत्त्व होय. मुंबईच्या महालक्ष्मी येथील शर्यतींतही अशा हँडिकॅप शर्यती होतात. गोल्फ व पोलो या खेळांतही हँडिकॅप आहे.

या सर्व खेळांत हँडिकॅप हा स्पर्धेचाच भाग असतो. घोड्याच्या पाठीवरील वजन खरे असते व निकालही त्यानुसारच लागतो. पैजेतील हँडिकॅप मात्र केवळ हिशेबापुरता असतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९४० नंतरच्या दशकात अमेरिकन फुटबॉल व बास्केटबॉल या खेळांसाठी गुणांच्या फरकावर आधारलेली अशीच पद्धती लोकप्रिय झाली. तिचे श्रेय सामान्यतः शिकागोच्या चार्ल्स मॅक्नील यांस देण्यात येते. असोसिएशन फुटबॉलमधील आजची प्रमुख पद्धती आग्नेय आशियात, विशेषतः इंडोनेशियात, वाढली. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ती ‘आशियाई हँडिकॅप’ या नावाने यूरोपात परिचित झाली.

पद्धतीची गरज : फुटबॉलमध्ये गोल थोडे होतात. प्रमुख यूरोपीय साखळी स्पर्धांत दर सामन्यास दोन्ही संघांचे मिळून सरासरीने अडीच ते तीन गोल होतात व सु. एक चतुर्थांश सामने बरोबरीत सुटतात. त्यामुळे साध्या पैजेत विजय, बरोबरी व हार असे तीन पर्याय धरावे लागतात. संघांच्या बळात मोठी तफावत असल्यास वरचढ संघाला मिळणारा भाव फारच कमी असतो. त्यावर पैसे लावण्यात फारसा लाभ नसतो आणि दुबळ्या संघावर पैसे लावण्यास कोणी धजत नाही. हँडिकॅपमुळे या दोन्ही अडचणी दूर होतात. दोन्ही बाजूंची संभाव्यता जवळजवळ सारखी होते आणि बरोबरीचा तिसरा पर्याय वगळता येतो.

प्रकार : यूरोपीय पद्धतीत हँडिकॅप पूर्ण गोलांचा असून तीन पर्याय कायम राहतात. उदा., वरचढ संघास वजा १ हँडिकॅप असून तो २–१ असा जिंकल्यास कल्पित निकाल १–१ होतो व ‘बरोबरी’वर पैसे लावणाराच जिंकतो. आशियाई पद्धतीत दोनच पर्याय असतात. तीत हँडिकॅप पूर्ण, अर्धा किंवा पाव गोलाच्या पटीत असतो. पूर्ण गोलांच्या हँडिकॅपनंतर कल्पित निकाल बरोबरीत आल्यास पैजेची रक्कम परत मिळते. अर्ध्या गोलाचा हँडिकॅप असल्यास बरोबरी संभवतच नाही; कारण अर्धा गोल कोणी करू शकत नाही. पाव, पाऊण, सव्वा अशा हँडिकॅपांत पैजेची रक्कम दोन समान भागांत विभागून लगतच्या दोन हँडिकॅपांवर लावल्याचे मानतात. पाऊण म्हणजे निम्मी रक्कम अर्ध्या गोलावर व निम्मी एका गोलावर. सव्वा म्हणजे निम्मी एका गोलावर व निम्मी दीड गोलावर.

वरचढ संघावर लावलेल्या पैजेचा निर्णय पुढीलप्रमाणे होतो (संघ हरल्यास प्रत्येक बाबतीत सर्व रक्कम जाते, दोन वा अधिक गोलांनी जिंकल्यास प्रत्येक बाबतीत पूर्ण जीत होते) :

शून्य : बरोबरी झाल्यास रक्कम परत, एका गोलाने विजय झाल्यास पूर्ण जीत.
वजा पाव : बरोबरी झाल्यास निम्मी रक्कम जाते, एका गोलाने विजय झाल्यास पूर्ण जीत.
वजा अर्धा : बरोबरी झाल्यास सर्व रक्कम जाते, एका गोलाने विजय झाल्यास पूर्ण जीत.
वजा पाऊण : बरोबरी झाल्यास सर्व रक्कम जाते, एका गोलाने विजय झाल्यास निम्म्या रकमेवर जीत, निम्मी परत.
वजा एक : बरोबरी झाल्यास सर्व रक्कम जाते, एका गोलाने विजय झाल्यास रक्कम परत.
वजा सव्वा : बरोबरी झाल्यास सर्व रक्कम जाते, एका गोलाने विजय झाल्यास निम्मी रक्कम जाते, निम्मी परत.
वजा दीड : बरोबरी झाल्यास वा एका गोलाने विजय झाल्यास सर्व रक्कम जाते.

समजा, वजा पाऊण हँडिकॅपवर १.९५ भावाने १०० रुपये लावले. या भावात मूळ रक्कमही धरलेली असते. संघ दोन गोलांनी जिंकल्यास १९५ रु. मिळतील. तो एका गोलाने जिंकल्यास जिंकलेल्या निम्म्या भागाचे ९७.५० रु. व परत आलेले ५० रु. मिळून १४७.५० रु. हाती येतील. सामन्याचा निकाल सामान्यतः नव्वद मिनिटे व पंचाने भरपाईदाखल वाढविलेला वेळ एवढ्यापुरताच धरतात. जादा वेळ व पेनल्टी किकांचा निर्णायक टप्पा यांतील गोल जमेस धरत नाहीत. सामना चालू असताना लावलेल्या आशियाई हँडिकॅप पैजेत त्या क्षणापूर्वीचे गोल सोडून देतात व पुढील खेळ ०–० पासून सुरू झाल्याचे मानतात.

हँडिकॅपची निश्चिती : हँडिकॅप ठरविताना दोन्ही संघांकडून अपेक्षित असलेल्या गोलांची सरासरी प्रथम अंदाजिली जाते. त्यासाठी मागील सामने, स्वतःच्या मैदानाचा लाभ, जायबंदी खेळाडू इ. गोष्टी विचारात घेतात. थोड्या संख्येने व अनियमित काळाने घडणाऱ्या घटनांचे गणित प्वासाँ वितरणाने मांडता येते. फुटबॉलमधील गोलांना ते बऱ्याच अंशी लागू पडते. या दिशेने एम्. जे. माहेर (१९८२) व एम्. जे. डिक्सन आणि एस्. जी. कोल्स (१९९७) यांनी केलेले संशोधन प्रसिद्ध आहे.

उदाहरणार्थ, वरचढ संघाकडून सरासरी २ व दुबळ्या संघाकडून सरासरी १ गोल अपेक्षित आहे, असे मानू. प्वासाँ वितरणाप्रमाणे अशा शंभर सामन्यांपैकी सु. ६१ वरचढ संघ जिंकेल, २१ बरोबरीत सुटतील व १८ दुबळा संघ जिंकेल. वरचढ संघाच्या ६१ विजयांपैकी सु. २४ नेमके एका गोलाने व ३७ त्याहून अधिक फरकाने असतील. वजा १ हँडिकॅप लावल्यास वरचढ संघाची बाजू ३७ वेळा व विरुद्ध बाजू ३९ वेळा जिंकते आणि २४ वेळा पैसे परत होतात. ६१ विरुद्ध १८ अशी विषम लढत येथे जवळजवळ समतोल झाली. संघांच्या बळात मात्र तिळमात्र बदल झालेला नाही. बदलला तो केवळ प्रश्न.

भाव व बुकीचा वाटा : दोन्ही बाजूंना १.९५ असा भाव असून प्रत्येक बाजूवर १०० रु. लागल्यास बुकीकडे २०० रु. जमा होतात. निर्णयानंतर तो जिंकणाऱ्यास १९५ रु. देतो व ५ रु., म्हणजे उलाढालीच्या अडीच टक्के, स्वतःकडे ठेवतो. वरील उदाहरणातील त्याच सामन्यावर साध्या पैजेचे भाव १.५३ (विजय), ४.४० (बरोबरी) व ५.१० (हार) असे असल्यास बुकीचा वाटा सु. सात टक्के पडतो. हँडिकॅप पैजेत हा वाटा कमी असतो आणि मोठ्या रकमा स्वीकारल्या जातात. म्हणून मोठी उलाढाल करणारे तिच्याकडे आकृष्ट होतात. एका बाजूवर पैशांचा ओघ वाढल्यास बुकी हँडिकॅप वजा १ वरून वजा सव्वा करतो, किंवा हँडिकॅप कायम ठेवून त्या बाजूचा भाव उतरवितो. त्यामुळे जाहीर झालेला हँडिकॅप हा संघांच्या गुणवत्तेचा निवाडा नसतो. त्यात बाजारातील माहितीचा व पैशांच्या ओघाचा वाटा असतो.

समतोल पैज म्हणजे तोट्याविना पैज, असा समज सहज होतो. तो खरा नाही. १.९५ भावाने शंभर वेळा प्रत्येकी १०० रु. लावून पन्नास वेळा जिंकणाऱ्यास १०,००० रुपयांच्या बदल्यात ९,७५० रु. परत मिळतात. केवळ बरोबरीत राहण्यासाठी निर्णायक पैजांपैकी ५१.२८ टक्के जिंकाव्या लागतात. दररोज एका सामन्यावर ५०० रु. लावणाऱ्याची वर्षाची उलाढाल १,८२,५०० रु. होते, निम्म्या पैजा जिंकूनही त्याचे सु. ४,५६० रु. जातात. नाणेफेकीप्रमाणे भासणाऱ्या पैजेत हानी संथ गतीने होते, म्हणून ती ध्यानात येत नाही. पाव गोलाच्या हँडिकॅपमध्ये निम्मी रक्कम परत येत असल्याने पूर्ण हार झाल्याचे जाणवत नाही, हेही त्यास कारण आहे.

गैरप्रकार : हँडिकॅपमुळे सामन्याचा निकाल निश्चित झाल्यानंतरच्या गोलालाही पैशांचे मोल येते. दोन गोलांनी मागे पडलेल्या संघास तिसरा गोल स्वीकारण्याने स्पर्धेत फारसे गमवावे लागत नाही. पैजेत मात्र त्याच गोलावर सर्व निर्णय अवलंबून असू शकतो. म्हणून संघाला हरण्यास नव्हे, तर अधिक फरकाने हरण्यास किंवा कमी फरकाने जिंकण्यास भाग पाडण्याचा मोह निर्माण होतो आणि असा लबाडीचा खेळ प्रेक्षकांच्या सहज लक्षात येत नाही.

निराळ्या मार्गाने घडलेला एक गैरप्रकार १९९७ मध्ये इंग्लंडमध्ये गाजला. सामना उत्तरार्धात बंद पडल्यास त्या क्षणाची गोलसंख्या अंतिम धरून पैसे चुकते करण्याची प्रथा आशियातील काही बाजारांत होती. ब्रिटनमध्ये अशा वेळी पैजा रद्द होत. ३ नोव्हेंबर १९९७ रोजी वेस्ट हॅम विरुद्ध क्रिस्टल पॅलेस (२–२) व २२ डिसेंबर रोजी विंबल्डन विरुद्ध आर्सेनल (०–०) हे सामने उत्तरार्धात प्रकाशझोत विझल्याने थांबले. दोन्ही वेळी गोलसंख्या बरोबरीत होती व अशा स्थितीत दुबळ्या संघावर हँडिकॅपसह लावलेली पैज जिंकते. १९९९ मध्ये चार्ल्टन संघाच्या मैदानावर तसाच कट उघडकीस आला. त्यामागे मलेशियातील जुगारी टोळी असल्याचे निष्पन्न होऊन संबंधितांना शिक्षा झाल्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये ‘यूरोपोल’ या पोलीस संघटनेने जगभरातील ६८० संशयास्पद सामन्यांची माहिती जाहीर केली. त्यांपैकी ३८० यूरोपातील होते. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने १ ऑगस्ट २०१४ पासून वरच्या श्रेणींतील खेळाडू, प्रशिक्षक व अधिकारी यांना जगातील कोणत्याही फुटबॉल सामन्यावर पैज लावण्यास बंदी केली.

कायदा : ग्रेट ब्रिटनमध्ये १९६० च्या अधिनियमाने पैजांच्या परवानाधारक दुकानांस मान्यता मिळाली. २००१ मध्ये पैज लावणाऱ्यावर पडणारा कर रद्द होऊन तो बुकीच्या ढोबळ नफ्यावर बसविण्यात आला. हाँगकाँगमध्ये २००३ पासून तेथील जॉकी क्लबमार्फत फुटबॉलवरील पैजा कायदेशीर आहेत. इंडोनेशियात मात्र जुगारास बंदी आहे. या पद्धतीच्या जन्मभूमीत ती चोरूनच चालते.

भारतात ‘पैज व जुगार’ हा विषय संविधानाच्या राज्यसूचीत आहे. १८६७ चा सार्वजनिक जुगार अधिनियम व महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक अधिनियम यांनी जुगारास मनाई केली आहे. परवानाप्राप्त मैदानावरील घोड्यांच्या शर्यतींना त्यातून सूट असून, या शर्यती प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला. फुटबॉल हा स्वतः कौशल्याचाच खेळ आहे. तथापि त्यावर त्रयस्थाने लावलेल्या पैजेस ही सूट लागू होत नाही. दूरस्थ बुकींच्या संगणकीय व्यवहारांमुळे अशा पैजा देशाच्या सीमा ओलांडून होऊ लागल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या अधिनियमाने पैसे लावून खेळावयाचे सर्व ऑनलाइन खेळ, त्यांची जाहिरात व त्यांसाठीचे बँकव्यवहार यांवर देशभर बंदी घातली. महालक्ष्मीच्या मैदानावर घोड्याच्या पाठीवरील हँडिकॅप कायद्याने मान्य असला, तरी फुटबॉलच्या कल्पित गोलांवरील हँडिकॅप पैज भारतात बेकायदेशीरच ठरते.