अंगणातला पांगारा
माघ-फाल्गुनात पाने गाळून उभ्या असलेल्या पांगाऱ्याच्या काटेरी फांद्यांच्या टोकांना लालभडक फुलांचे तुरे येतात आणि त्यांतील मुबलक, पातळ मधुरसासाठी साळुंक्या, बुलबुल, कोतवाल यांची सकाळपासून झुंबड उडते. चोच बुडवताना त्यांच्या डोक्याला पराग चिकटतो व तो पुढच्या फुलावर पोहोचून परागीभवन, म्हणजे बीजधारणेची पहिली पायरी, पार पडते. शेंगा धरणाऱ्या कुळातले हे झाड असल्याने त्याच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नायट्रोजन झाडाला वापरता येईल अशा रूपात आणतात. पावसाळ्याच्या तोंडावर मनगटाएवढी फांदी रोवली तरी ती सहज फुटते. मात्र लाकूड ठिसूळ असल्याने जागा घरापासून दूर निवडावी. वाळकी फांदी, धोक्याची नसेल तर, तोडू नये, कारण तशाच मऊ लाकडात तांबट ढोली कोरतो.