कारखान्यासाठी एलईडी घेताय? वॅट नाही, आधी लुमेन विचारा!



लोहा-कंधारपासून नांदेड-लातूरपर्यंत आपल्याकडे डाळमिल, जिनिंग, तेलघाणे, फॅब्रिकेशनचे शेड भरपूर. लाइटबिल जास्त आलं की मालक आधी मोटरकडे बघतो. छताला लटकलेल्या दिव्यांचा हिशोब मात्र कोणी करत नाही. चला, आज तोच करू.

समजा, शेडमध्ये २५० वॅटचे १० जुने मेटल हॅलाइड दिवे आहेत. चोकसकट एक दिवा साधारण २७५ वॅट खातो. त्याजागी १२० वॅटचे एलईडी हायबे लावले, तर दिव्यामागे १५५ वॅट वाचले. रोज १० तास, वर्षाला ३०० दिवस धरा. ४,६५० युनिट वाचले! युनिटला ८ रुपये धरले तर वर्षाला ३७,२०० रुपये. तुमचा दर बिलावर बघा आणि गणित स्वतः करा.

आता खरी गोम. ५ जानेवारी २०१५ ला उजाला योजना सुरू झाली आणि सरकारी खरेदीतला बल्ब ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. तेव्हापासून "एलईडी म्हणजे स्वस्त" हे डोक्यात बसलं. पण घरचा बल्ब वेगळा, शेडचा दिवा वेगळा. घेताना चार गोष्टी विचारा:

१. लुमेन किती? वॅट म्हणजे खर्च, लुमेन म्हणजे उजेड. वॅटमागे १३० लुमेन असतील तर १२० वॅटचा दिवा १५,६०० लुमेन देतो; ९० असतील तर फक्त १०,८००. बिल मात्र दोन्हींचं सारखंच!

२. सीआरआय किती? पिवळ्या सोडियम दिव्याखाली तुरीची चांगली आणि डागी डाळ सारखीच दिसते. निवडणीच्या जागी ८० च्या वर हवा.

३. ड्रायव्हर कसा आहे? एलईडी चिप सहसा आधी जात नाही, ड्रायव्हर जातो. वळवाच्या पावसात विजा कडाडतात, व्होल्टेज वर-खाली होतं. सर्ज प्रोटेक्शन आणि अर्थिंग दोन्ही पाहिजे. ड्रायव्हर हलका असेल तर उजेड लुकलुकतो आणि फिरतं यंत्र थांबल्यासारखं दिसू शकतं. कामगाराचा हात जाण्याचा धोका असतो, ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका.

४. आयपी रेटिंग? डाळमिलची धूळ, जिनिंगचा कापूस. आयपी ६५ म्हणजे आत धूळ शिरत नाही. पण बाहेरच्या पंख्यांवर कापूस साचला की उष्णता अडकते, म्हणून पुसत राहावंच लागतं.

आणि वॉरंटी? तोंडी नको, बिलावर लिहून घ्या. ड्रायव्हर धरून किती वर्षं, आणि बदलून कोण देणार, तेही.

एकदम दहा घेऊ नका. एक दिवा घ्या, सगळ्यात धुळीच्या जागी महिनाभर लावा. कामगारांना विचारा, "उजेड कसा वाटतो?" खाली उभं राहून काम त्यांनाच करायचंय.

आज रात्री एकच काम करा: शेडमधले दिवे मोजा, वॅट लिहा, रोजचे तास लिहा. दुकानात जायच्या आधी हा कागद खिशात असू द्या!