मागून जेवणारी बाई

‘डॉक्टरसाहेब, काही नाही, नुसती एक सलाईनची बाटली लावा. अंगात ताकदच राहिली नाही.’

भोसरीत दवाखाना थाटून मला पंचवीस वर्षे झाली. हे वाक्य ऐकले नाही असा आठवडा आठवत नाही. म्हणणारी बहुधा पस्तीस ते पन्नास वयाची गृहिणी असते. आधी सलाईनचे सांगून टाकतो. ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या नेहमीच्या बाटलीत पाणी आणि पाच-सहा चमचे साखर, एवढाच ऐवज असतो. जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी गेले असेल तेव्हा सलाईनचा उपयोग जरूर आहे. पण ताकदीसाठी म्हणाल, तर एक भाकरी आणि वाटीभर उसळ त्याहून कितीतरी सरस.

आता एका ताईंची गोष्ट सांगतो. वय त्रेचाळीस. छातीत धडधड, जिना चढताना दम, डोके जड आणि सदा चिडचिड. यात माझी चूक आहे, ती कबूल केली पाहिजे. जवळजवळ दोन वर्षे मी त्यांना ॲसिडिटीच्या आणि ‘ताकदीच्या’ गोळ्या देत होतो. एके दिवशी सहज त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, तर कागदासारखी पांढरी. रक्त तपासले. हिमोग्लोबिन ६.४. बाईचे ते निदान १२ तरी हवे.

मग जे पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते ते विचारले. ‘ताई, तुम्ही जेवता केव्हा?’

‘सगळ्यांचं झालं की.’

‘आणि सगळ्यांचं होतं केव्हा?’

त्या हसल्या आणि हिशेब सांगू लागल्या. मुलगा चाकणच्या कंपनीत, फर्स्ट शिफ्ट. त्याची बस साडेपाचला नाक्यावर येते, म्हणून उठायचे साडेचारला. मग धाकटीची शाळा. मग सासूबाईंचे जेवण. नवऱ्याची सेकंड शिफ्ट, त्याचा डबा दुपारी. दुपारी स्वतःला चहा आणि सकाळची उरलेली पोळी. मुलगा आणि सासूबाई रात्री आठला जेवतात. नवरा घरी येतो साडेबाराला. त्याचे ताट वाढायचे आणि तो जेवला की मग आपण. भाजी उरली तर उरली, नाही तर लोणचे आहेच. झोपायला दीड. आणि पुन्हा साडेचार.

म्हणजे घरातली माणसे एकेक शिफ्ट करतात आणि ही बाई तिन्ही करते.

घरधन्याच्या आधी बाईने जेवू नये, हा समज आपल्याकडे जुना आहे. पण गावाकडे दिवेलागणीला माणसे शेतातून परतत आणि सात-आठला पंगत उठे. मागून जेवणे म्हणजे अर्धा तास मागून. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली, मग एकामागून एक कारखाने आले आणि पुढे चाकणपर्यंत पसरले. गावोगावची कुटुंबे इथे आली. येताना रीत तीच आणली, घड्याळ मात्र बदलले. अर्ध्या तासाचे पाच तास झाले, हे कोणाच्या लक्षातच आले नाही. (माझी आईही सगळ्यांच्या मागून जेवायची. तिच्या ताटात काय असे, हे मला आजही सांगता येणार नाही.)

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हा आकडा ४८ होता. पुरुषांत हे प्रमाण साधारण पाचात एक आहे. दरमहा रक्त जाते हे एक कारण आहेच. पण ताटातही फरक आहे.

ताईंच्या बाबतीत दुसराही एक समज आड आला होता. दर महिन्याला आठ-नऊ दिवस अंगावरून जात होते, गाठी पडत होत्या. ‘चाळिशीनंतर असं व्हायचंच’ म्हणून त्यांनी ते मला सांगितलेच नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांनी सोनोग्राफी केली, तर गर्भाशयात गाठ निघाली. ती साधी होती, औषधाने रक्तस्राव आटोक्यात आला. पण भगिनींनो, सात दिवसांपेक्षा जास्त जात असेल, तासा-दोन तासाला पॅड बदलावे लागत असेल, किंवा पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर ‘वयाचे आहे’ म्हणून घरी बसू नका.

लोहाच्या गोळ्यांबद्दलही थोडे. त्या महापालिकेच्या दवाखान्यात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. ‘उष्ण पडतात’ म्हणून अनेकजणी आठ दिवसांत सोडतात. शौचाला काळे होते, ते औषधाचेच. पोटात मळमळले तर जेवणानंतर घ्या, पण घ्या. रक्त भरून आले तरी आणखी तीन महिने चालू ठेवायच्या असतात. गोळीवर किंवा जेवणावर लगेच चहा नको, तासाभराचे अंतर ठेवा, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. जेवणात लिंबू पिळा. अळिवाचा लाडू फक्त बाळंतिणीने खायचा असाही कायदा नाही. उपवास सोडा असे मी म्हणत नाही, तो तुमच्या श्रद्धेचा प्रश्न. पण दिवसभर नुसत्या चहावर राहू नका. राजगिरा, शेंगदाणे, दूध, फळे उपवासाला चालतातच की.

ताईंना शिरेतून लोहाची इंजेक्शने दिली. गोळ्या-औषधांपेक्षा जेवणाची वेळ बदलणे अवघड गेले. ‘ते उपाशी काम करतात आणि मी घरी बसून गिळू?’ पहिले पंधरा दिवस घास उतरेना, असे त्यांनीच सांगितले. मी नवऱ्याला बोलावून घेतले. तो बिचारा म्हणाला, ‘साहेब, मी तर कॅन्टीनमध्ये आठलाच जेवतो. घरी आल्यावर ती वाढते, म्हणून पुन्हा बसतो.’

आता ताई रात्री आठला मुलगा आणि सासूबाई यांच्याबरोबर जेवतात आणि दहाला झोपतात. नवरा किल्लीने दार उघडतो, वाटलेच तर दूध गरम करून पितो. चार महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.२ झाले. पण ताईंना आकड्याचे कौतुक नाही. त्या म्हणाल्या, ‘डॉक्टर, रोज रात्री आमची भांडणं व्हायची. आता दोन महिन्यांत एक नाही. मला वाटायचं माझा स्वभावच तसा.’

सासूबाईंना हे रुचले नव्हते. ‘आम्ही जन्मभर मागून जेवलो, मेलो का?’ असे त्यांनी मला दवाखान्यात येऊन सुनावले. आल्याच होत्या, म्हणून त्यांचेही रक्त तपासले. ८.९. या वयात रक्त कमी निघाले तर ते आत कुठे जात तर नाही ना, हे पाहावे लागते. त्या तपासण्या सध्या चालू आहेत. गेल्या खेपेला त्या सुनेबरोबर आल्या होत्या. दोघींना सकाळी न्याहारी करूनच या असे बजावले होते. ‘केली का?’ असे विचारले, तर सासूबाई सुनेकडे बोट दाखवून म्हणाल्या, ‘हिनं बळंबळं खायला लावलं. मुलाच्या आधी खाल्लं, तेवढं त्याला सांगू नका.’