चौफुल्यावरचा गळा

शिरूरहून न्हावरे, पारगाव करत भीमा ओलांडली की रस्ता केडगावजवळ चौफुल्याला पुणे-सोलापूर महामार्गाला येऊन मिळतो. दौंड तालुक्यातला हा फाटा लावणीच्या शौकिनांना वेगळा सांगावा लागत नाही. इथली कला केंद्रं म्हणजे संगीत बारीची थिएटरं.

फडाचा तमाशा तंबू घेऊन गावोगाव हिंडतो, गण-गौळण झाली की वगावर येतो. त्या परंपरेला शिरूरकडच्या कवठे येमाईने बी. के. मोमीन यांच्यासारखा लेखक दिला. संगीत बारीत मात्र वग नाही, सोंगाड्या नाही. थिएटरच्या आवारातल्या खोल्यांत वेगवेगळ्या पार्ट्या मुक्काम करतात. पार्टीची मालकीण, तिच्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या बाया, पेटीवाला, तबलजी, ढोलकीवाला. एकेक पार्टी आपली बारी आली की स्टेजवर जाते. तिकिटाच्या पैशात थिएटरमालकाचा वाटा असतो. फर्माईश झाली की दौलतजादा, म्हणजे खुशीने उधळलेले पैसे, आणि दर्दी गिऱ्हाईक असेल तर बंद खोलीत बैठक.

खरी गंमत या बैठकीत आहे. नाचायला जागाच नसते. बाई बसलेली, समोर हाताच्या अंतरावर ऐकणारे. मग एकच ओळ ती पुन्हा पुन्हा घेते: एकदा रुसून, एकदा लाडीगोडी लावत, मध्येच एखाद्या शब्दावर असा टोमणा की शेजारचा खुदकन हसतो. चाल तीच, शब्द तेच. बदलतो तो आवाजाचा वळसा, आणि त्याच्या बरोबरीने भुवई, बोटं, पदराचं टोक. यालाच अदा म्हणतात. वाईच्या लावणी गायिका यमुनाबाई वाईकर यांनी ही बैठकीची लावणी दिल्लीपर्यंत नेली. 2012 साली पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती.

सिनेमाने गाणं आणि अदा हे एकीचं काम दोघींत वाटलं. ‘सवाल माझा ऐका’ (1964) मध्ये पडद्यावर जयश्री गडकर, गळा सुलोचना चव्हाणांचा. सुलोचनाबाई तर जाहीर कार्यक्रमातही डोक्यावर पदर घेऊन, जागेवरूनच गायच्या. त्यात कमी काहीच नव्हतं. पण बारीतल्या बाईला दमलेल्या श्वासावर सूरही धरायचा असतो आणि चेहराही बोलता ठेवायचा असतो. कुठल्याही नाट्यशाळेने हेवा करावा अशी ही तालीम; ती मिळते मात्र खोलीतल्या म्हातारीकडून, कानाखाली चापट खात.

आता ही तालीम घेणाऱ्या कमी झाल्या. स्टेजवर ट्रॅक लावला की पेटीवाल्याचा पगार वाचतो. तरुण गिऱ्हाइकाला हवं असतं गाजलेलं फिल्मी गाणं आणि मोबाइलवर टिपता येईल असा नाच. ओळ सातव्यांदा ऐकायला थांबतो कोण? मार्च 2020 मध्ये टाळेबंदीने थिएटरं बंद पडली तेव्हा महिनोन्‌महिने रोजची कमाईच थांबली. जुलै 2025 मध्ये चौफुल्यानजीक वाखारीतल्या एका केंद्रात गोळीबार झाला, आणि काही दिवस कला केंद्रांची चर्चा झाली ती फक्त गुन्ह्याच्या बातम्यांत.

यमुनाबाई 2018 साली गेल्या, लावणी कलावंत गुलाबबाई संगमनेरकर 2022 साली. कलावंतांच्या संस्था, अभ्यासक ध्वनिमुद्रणं करून ठेवतात, ते हवंच. पण नाचणाऱ्या आईच्या मुलाने, किशोर शांताबाई काळे यांनी, लिहिलेलं ‘कोल्हाट्याचं पोर’ (1994) हे आत्मचरित्र वाचलेल्याला ही परंपरा टिकवा असं या बायांच्या घरच्यांना तोंड वर करून सांगता येत नाही. बारीतल्या कितीतरी आया पोरींना या आवाराबाहेर, वसतिगृहात ठेवून शिकवतात. पोरीने पायात चाळ बांधू नयेत, नोकरी करावी, एवढीच त्यांची इच्छा असते.