मोहाची धार आणि कायद्याचा धाक

एखाद्या प्रदेशाचे जुने पेय टिकते की लोपते, हे त्याच्या चवीपेक्षा बाजार आणि कायदा त्याला कोठे जागा देतात यावर अधिक अवलंबून असते. आयर्लंडच्या खेड्यांतील कास्क एल आणि गोंदिया जिल्ह्यातील नागझिऱ्याच्या परिसरातील मोहाची दारू ही याची दोन वेगवेगळी उदाहरणे होत.

एल ही मोड आणलेल्या बार्लीपासून आंबवलेली बिअर असून तिचा कास्क हा प्रकार न गाळता पिंपात भरला जातो, तेथेही तिचे आंबणे चालू राहते आणि बाहेरून वायू न सोडता ती हातपंपाने पेल्यात ओढली जाते. पिंप उघडल्यावर ते दोन-चार दिवसांत संपवावे लागते, आणि मोजकी गिऱ्हाइके असलेल्या गावच्या पबला हे परवडत नाही. गिनेस या बिअर कंपनीने 1959 मध्ये नायट्रोजनच्या दाबावर चालणारी, टिकाऊ बिअर आणल्यावर ही जुनी पद्धत आयर्लंडमधून जवळजवळ हद्दपार झाली. पारंपरिक एल वाचवण्यासाठी झटणारी ‘कॅम्रा’ ही ब्रिटिश संघटना 1971 मध्ये स्थापन झाली ती आयर्लंडच्याच केरी परगण्यातील डनक्विन या खेड्यातील पबमध्ये, चार इंग्रज प्रवाशांच्या पुढाकाराने. परंतु तिच्या चळवळीचे फळ मिळाले ते ब्रिटनला. आयर्लंडमध्ये या पेयावर बंदी कधीच नव्हती. त्याला बाजाराने मागे सारले.

नागझिऱ्यात अडचण नेमकी उलटी, म्हणजे बाजाराची नसून कायद्याची आहे. 1970 मध्ये अभयारण्य झालेल्या आणि 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झालेल्या या जंगलाभोवती मार्च-एप्रिलमध्ये मोहाची मांसल, फिकट पिवळी फुले रात्रीतून गळतात, आणि ती वेचण्यासाठी बायाबापड्या, पोरेबाळे टोपल्या घेऊन भल्या पहाटे झाडाखाली पोहोचतात. अस्वलालाही हीच फुले प्रिय असल्याने वेचणाऱ्यांची त्याच्याशी गाठ पडण्याचा धोका असतो. शिवाय फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो तेव्हा वणव्याचे भय वाढते. उन्हात वाळून तांबूस झालेल्या फुलांत वजनाच्या निम्म्याच्या आसपास साखर उरते, त्यामुळे ती भुकेच्या दिवसांत अन्न म्हणून आणि एरवी दारूसाठी उपयोगी पडतात. गोंड समाजात जन्म, लग्न, मृत्यू आणि देवकार्य या प्रसंगी मोहाच्या दारूला मान आहे.

ही दारू गाळण्याची रीत साधी असली तरी हात बसावा लागतो. वाळलेली फुले पाण्यात भिजवून काही दिवस आंबू दिली की ‘सडवा’ तयार होतो. तो भट्टीवरच्या भांड्यात उकळतात आणि वर थंड पाण्याचे भांडे ठेवतात, ज्याच्या तळाला लागून वाफेचे थेंब होतात व ते आत ठेवलेल्या भांड्यात किंवा नळीवाटे बाहेर जमतात. वरचे पाणी तापले की बदलावे लागते, आणि जाळ मोठा झाला तर करपट वास उतरतो. सुरुवातीला पडणारी ‘पहिल्या धारेची’ दारू सर्वांत कडक असते आणि पुढे तिचा जोर उतरत जातो.

मुंबई दारूबंदी कायदा 1949 विदर्भालाही लागू झाल्यामुळे महाराष्ट्रात परवान्याविना अशी दारू गाळणे, बाळगणे व विकणे हा गुन्हा ठरतो. परिणामी ती आडरानात, घाईने, पोलिसांच्या धाकाने गाळली जाते, तिच्यात गूळ आणि नवसागर मिसळला जातो, आणि तिचा दर्जा तपासणारे कोणीच राहत नाही. त्याच गोंदियात परवानाधारक दुकानात मिळणारी ‘देशी संत्रा’ मात्र उसाच्या मळीपासून बनलेल्या मद्यार्काला संत्र्याचा स्वाद देऊन तयार होते. राज्याने 2021 मध्ये मोहफुलांचे संकलन, साठवण आणि वाहतूक यांवरील निर्बंध सैल केले आणि 2022 मध्ये मोहफुले व काजूबोंडे यांच्या मद्याला ‘विदेशी मद्य’ वर्गात घेण्याचा निर्णय केला. यातून कारखान्याची वाट मोकळी होते, पण गावच्या भट्टीची होत नाही.

इतरत्र याहून वेगळा मार्ग निघाला आहे. आयर्लंडमध्ये 1661 पासून चोरून गाळली जाणारी पोटीन ही दारू 1997 मध्ये कायदेशीर झाली व 2008 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. गोव्याच्या काजू फेणीला ते 2009 मध्ये मिळाले. गोंदियाला लागून असलेल्या मध्य प्रदेशाने आदिवासी बचत गटांकडून तयार होणाऱ्या मोहाच्या मद्याला ‘हेरिटेज’ दर्जा देऊन विक्रीस मोकळीक दिली आहे.

या मार्गाला आक्षेप आहे आणि तो हलका नाही. शेजारच्या गडचिरोलीत 1993 ची दारूबंदी जनआंदोलनातून आली, आणि दारूचा पहिला फटका संसाराला, पर्यायाने बायकांना बसतो हे त्या भागाने पुरेपूर अनुभवले आहे. म्हणून भट्टीला परवाना देण्याचा अधिकार उत्पादन शुल्क खात्याच्या कचेरीपेक्षा गावातील स्त्रियांसह भरणाऱ्या ग्रामसभेकडे असणे अधिक योग्य ठरेल. वनहक्क कायदा 2006 ने मोहफुलांवरची मालकी वनहक्कधारक आदिवासी व वननिवासींना आधीच दिली आहे. फुलाची मालकी गावाकडे आणि त्याच्या धारेचा निर्णय मात्र इतरत्र, ही विसंगती दूर झाली, तर ज्या गावाला दारू नको त्याला नकार देता येईल आणि ज्याला हवी त्याला उघडपणे, दर्जा राखून मोहाची दारू गाळता येईल.