गाभडणारीं गुरें आणि पेशींत दडणारा जंतु

गोठ्यांतील गाय सातव्या-आठव्या महिन्यांत गाभडली म्हणजे घरांतील मंडळी कोणी दृष्ट लागली म्हणतात, कोणी दुसऱ्या जनावराचें शिंग लागलें असावें असा तर्क करितात. मार लागून गर्भ पडतो हें खरें. परंतु एकाच गोठ्यांत एकामागून एक गाई-म्हशी गाभडूं लागल्या म्हणजे तें संसर्गाचें काम असावें असा संशय धरलाच पाहिजे. अशा गर्भपाताचें एक मोठें कारण म्हणजे ब्रुसेलोसिस हा रोग होय. त्याचा जंतु शरीरांत कसा शिरतो व कोठें लपतो हें समजलें म्हणजे बचावाचे उपायही सहज ध्यानांत येतात. म्हणून तो विषय आम्ही आज वाचकांपुढें मांडीत आहों.

इ. स. १८८७ सालीं डेव्हिड ब्रूस या ब्रिटिश लष्करी डॉक्टरानें माल्टा बेटांत तापानें मेलेल्या शिपायांच्या प्लीहेंतून हा जंतु वेगळा केल्याचें प्रसिद्ध केलें. पुढें १८९७ सालीं डेन्मार्कमध्यें बर्नहार्ड बांग यांस गाभडलेल्या गाईंत त्याच कुळांतील जंतु सांपडला. माल्टांतील ताप शेळ्यांच्या दुधांतून येतो, हें १९०५ सालीं थेमिस्टोक्लिस झामित यांच्या शोधानें उघड झालें.

प्राण्याचें शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचें बनलेलें असून प्रत्येक पेशीभोंवतीं पातळ पडदा असतो. धनुर्वाताच्या जंतूसारखे कित्येक जंतु पेशीबाहेर राहूनच विष सोडतात. कित्येक मात्र पेशींच्या आंत शिरतात, व प्रत्येकाची शिरण्याची रीत निराळी असते. वासरांस हगवण लावणारा साल्मोनेला सुईसारख्या अवयवानें पेशींत आपलीं द्रव्यें टोंचतो. त्यायोगें पेशीचा पडदा उसळून जंतूला आंत ओढून घेतो. नीट न मुरलेल्या मुरघासांत वाढणारा लिस्टेरिया आपल्या अंगावरील द्रव्य पेशीवरील ठराविक द्रव्यांत, कुलुपांत किल्ली बसावी तसें, बसवितो आणि पडदा हळू हळू त्यास वेढून घेतो.

ब्रुसेलाची रीत याहून कपटाची आहे. गाभडलेल्या गाईची वार, गर्भ किंवा स्राव दुसऱ्या जनावरानें चाटला, अथवा तेथील चारा खाल्ला, म्हणजे हा जंतु तोंड, नाक व डोळे यांच्या ओल्या अस्तरांतून आंत जातो. तेथें शरीराच्या रक्षक पेशी त्यास गिळतात. गिळलेल्या जंतूंपैकीं बहुतेक पचून नष्ट होतात. परंतु जे थोडे उरतात ते, ज्या पिशवींत कोंडले गेले तिचाच आश्रय करितात. पिशवीच्या पडद्यांतून ते कांहीं द्रव्यें पेशींत सोडतात. मग ती पिशवी पाचक रसाच्या वाटेवरून वळून पेशीच्या आंतील सुरक्षित भागांत जाते, व तेथें जंतूंची वाढ होते. म्हणजे पहारेकऱ्याच्याच घरांत चोर राहूं लागला! रक्षक पेशींबरोबर तो सर्व शरीरांत फिरतो. गाभण गाईच्या वारेंत एरिथ्रिटॉल नांवाचें शर्करेच्या जातीचें द्रव्य असतें. तें या जंतूस विशेष मानवतें. तेथें तो बेसुमार वाढतो, वार बिघडते व गर्भ पडतो.

बहुतेक गाई एकदांच गाभडतात, आणि पुढील वेत सुरळीत होतें. एवढ्यावरून गाय बरी झाली असें समजूं नये. जंतु कासेंत व ग्रंथींत दडून राहतो आणि दुधांतून व विण्याच्या वेळीं बाहेर पडतो. पेशींच्या आड दडल्यामुळें औषध त्यास सहसा पुरतेपणीं गांठीत नाहीं. मनुष्यास हा रोग जडल्यास पुन्हा पुन्हा येणारा ताप, घाम, सांधेदुखी व कंबरदुखी होते, आणि साधारणतः दोन औषधें मिळून सहा आठवडे घ्यावीं लागतात.

आतां उपाय. अडकलेली वार उघड्या हातानें कधींही काढूं नये; हातावरील बारीक जखमही जंतूस पुरते. रबरी हातमोजे घालावे, तोंड-नाक झांकावें. पडलेला गर्भ व वार उकिरड्यावर किंवा ओढ्यांत न टाकतां, कुत्र्यांस उकरतां येणार नाहीं अशा खोल खड्ड्यांत चुना घालून पुरावी. गाभडलेली गाय वेगळी बांधून रक्ताची तपासणी करवावी, आणि विकत घेतलेलें जनावर तपासल्यावांचून गोठ्यांत घेऊं नये. धारोष्ण दूध अंगीं लागतें ही समजूत सोडून दूध उकळूनच प्यावें.

सर्वांत मोठा उपाय लसीचा. केंद्र सरकारनें २०१९ सालीं सुरू केलेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमांत चार ते आठ महिन्यांच्या कालवडी व पारड्या यांस आयुष्यांत एकदां ही लस टोंचण्याची योजना आहे. लस जिवंत जंतूंची असल्यानें ती पशुवैद्याच्याच हातून टोंचवावी. गाभण जनावरांस किंवा नरांस देऊं नये. कालवडीचें वय आठ महिन्यांपुढें गेलें म्हणजे ही संधि हातची जाते. म्हणून ज्यांच्या गोठ्यांत अशी कालवड असेल त्यांनीं तिच्या जन्माची तिथि आजच काढून पाहावी, अशी आमची विनंति आहे.